धुक्यातलं ग्वाल्हेर : सरत्या वर्षाची शेवटची सहल

या वर्षी आम्ही पुष्कळ हिंडलो. फेब्रुवारीत हंपी, मे महिन्यात कौसानी, श्रावणात मांडू, दिवाळीनंतर जैसलमेर. डिसेंबरात फोनमधले फोटो काढून टाकायला बसले (मेमरी भरली होती, दुसरं काही नाही), तर निम्मे फोटो लांबच्या कशाचे तरी. कौसानीहून नंदादेवी दिसते म्हणून गेलो. मे महिन्यात तिकडची रानं पेटलेली असतात आणि सगळं आकाश धुरकट होतं, हे कुणी आधी सांगत नाही. मांडूला रूपमतीच्या मंडपातून नर्मदा दिसते म्हणे. आम्हाला ढग दिसले, आणि सहलवाल्याची शिट्टी ऐकू आली, कारण मंडपाच्या वाट्याला त्याने अर्धाच तास ठेवला होता. जैसलमेरच्या वाळूत सूर्यास्ताला जमलेली गर्दी सूर्याकडे पाठ करून उभी होती. सेल्फीत सूर्य मागे लागतो ना!

हंपी त्यातल्या त्यात बरं. पंढरपूरचा विठ्ठल कृष्णदेवरायाने तिकडे नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, ही गोष्ट आपल्याकडे लहानपणापासून कानावर असते. तिथलं विठ्ठल मंदिर एवढं मोठं, दगडी रथ, वाजणारे खांब. गाभारा मात्र रिकामा. सगळे रथापाशी फोटो काढत होते तेवढा वेळ मी त्या रिकाम्या गाभाऱ्यात डोकावून उभी होते. वर्षभरातलं तेवढंच लख्ख आठवतं.

म्हणून डिसेंबरअखेरीस माहेरी, ग्वाल्हेरला जायचं ठरलं तेव्हा नवऱ्याला बजावलं: यादी करायची नाही. दादा नेईल तिकडे जायचं. लष्करात (म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या त्या नावाच्या भागात, फौजेत नव्हे) जन्मलेला माणूस पाहुणा आल्याशिवाय किल्ला चढत नाही. मीही त्यातलीच, शाळेच्या सहलीनंतर वर गेले ती कुणाच्या ना कुणाच्या मागे पाण्याची बाटली धरून. या खेपेला पाहुणी मीच.

२६ डिसेंबर

नाशिकरोडला रात्री पंजाब मेल धरायची, दुसऱ्या दिवशी दुपार कलताना ग्वाल्हेरला उतरायचं, ही माझी जुनी वहिवाट. १९१२ पासून धावणारी ही गाडी माझ्या आजीनेही माहेरपणाला वापरली. या वेळी ती भोपाळलाच रेंगाळली. त्यामुळे दतियाचा बीरसिंहदेवाचा महाल आणि पुढे सोनागिरच्या टेकडीवरची पांढरीशुभ्र जैन मंदिरं ऐन तिन्हीसांजेला दिसली, आणि डबरा गेल्यावर खिडकीबाहेर काहीच उरलं नाही. धुकं. गाडी चार पावलं चालायची, थांबायची.

जनकगंजातलं घर जुनं आहे, दगडी पट्ट्यांचं छत आणि दगडाचीच जमीन. उन्हाळ्यात स्वर्ग. थंडीत मात्र वहिनीने दारातच सांगितलं, "वन्सं, मोजे काढूच नका, फरशी कापून राहिली आहे." ग्वाल्हेरची मराठी ही अशी. नाशकात वर्षं काढूनही माझ्या तोंडी ती दोन दिवसांत परत येते आणि लेक हसते. जेवायला बथुव्याचं (म्हणजे चाकवताचं) रायतं, मटारचा रस्सा, बाजरीची भाकरी. मग शेगडीभोवती बसून दादाने उद्याचा बेत सांगितला: किल्ला, पण पायी, आणि ग्वाल्हेर दरवाज्याकडून. गाडीचा रस्ता उरवाईच्या बाजूने आहे, तो नाही. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी रजाई ओढली.

२७ डिसेंबर

सकाळी ६ अंश. बाड्याच्या चौकाजवळ उभ्याउभ्या बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी) आणि जिलबी खाल्ली, बटाट्याच्या रश्श्याने नाक मोकळं झालं, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी आलो तेव्हा किल्ला नव्हता. जवळजवळ ३ किलोमीटर लांबीचा, गावावर आडवा पसरलेला डोंगर जागेवरून उचलून नेल्यासारखा. "दिसत नाही तर चढायचं कशाला?" लेकीने रास्त प्रश्न केला. दादा म्हणाला, "दुरून दिसतो तो टपालाच्या तिकिटावरचा किल्ला. चल आत."

आत शिरल्यावर पहिला गुजरी महाल. राजा मानसिंह तोमराने (कारकीर्द १४८६ ते १५१६) मृगनयनीसाठी बांधलेला, आणि आता संग्रहालय. ते उभं करण्यामागे ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे एम. बी. गर्दे होते. पवाया हे ग्वाल्हेरकडचं प्राचीन ठिकाण उकरणारेही तेच. आमच्याकडे शिंद्यांच्या सरदारांच्या गोष्टी पुष्कळ सांगतात, गर्द्यांची कुणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम.

सगळे ग्यारसपूरच्या शालभंजिकेसाठी (झाडाखाली उभ्या स्त्रीची मूर्ती) जातात. वेगळ्या खोलीत, कुलपात असते ती; रखवालदाराला सांगावं लागतं. नाव ऐकून मोठ्ठी मूर्ती डोळ्यांसमोर येते आणि प्रत्यक्षात ती एवढीशी. हात गेलेले, पायही गेलेले. राहिलं आहे ते कमरेचं वळण, मेखलेच्या लोंबत्या माळा आणि चेहऱ्यावरचं आपल्याशीच चाललेलं हसू. पण मला विचाराल तर तिच्यापेक्षा पवायाच्या तोरणाचा दगड पाहा. गुप्तकाळातला आहे. मधे एक बाई नाचते आहे, आणि भोवती बायकांचाच मेळा बसलेला: एकीकडे बासरी, एकीकडे धनुष्यासारखी वाकलेली वीणा, कुणाच्या हातात झांजा, कुणापुढे मृदंग. झिजला आहे, नाकंडोळे शोधावे लागतात. तरी वाजवणारीची मान तालाबरोबर किंचित कललेली दिसते. ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दूखाँ-हस्सूखाँ या गवयांच्या कितीतरी आधी या मुलखात बायकांची मैफल बसत होती. लेक त्या दगडापुढून हलेना. ती तबला शिकते. तिसरीने हात कसा धरलाय यावर तिचं काहीतरी चाललं होतं.

मग चढ. धुक्यात चढायला बरं असतं, किती उरलं ते दिसत नाही. लक्ष्मण दरवाज्याच्या अलीकडे डाव्या-उजव्या कातळात कोरलेल्या मूर्ती, आणि तिथेच एका अखंड खडकातलं चतुर्भुज मंदिर. चौकीदाराने कुलूप काढलं. आतल्या भिंतीवर शिलालेख आहे, विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६. मजकूर अगदी व्यवहारी आहे: देवाच्या फुलबागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि माळ्यांनी रोज ५० माळा द्यायच्या. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य. मोबाईलचा उजेड तिरका धरला तेव्हा सापडलं. शेजारच्या अंकांपेक्षा बारकं, जरा वर उचललेलं, छोटं गोल. नखाएवढं.

गाईड लोक याला जगातलं पहिलं शून्य म्हणतात, ते खरं नाही. कंबोडियातल्या एका लेखात इ. स. ६८३ मधलं शून्य आहे. पण भारतात दगडावर कोरलेलं, तारखेसकट आणि आजच्यासारखंच वापरलेलं शून्य पाहायचं तर ही जागा. मला आवडलं ते हे की कुणी मोठा गणिती सिद्धांत मांडायला म्हणून ते कोरलेलं नाही. फुलांचा हिशेब आहे. ज्याने कोरलं त्याला त्यात काही नवल वाटलं नसणार. नवव्या शतकात गावच्या कारभारात दशमान पद्धत इतकी मुरलेली होती. नवरा बँकेत आहे. तो त्या भिंतीपुढे बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "रोजच्या ५० माळा म्हणजे वर्षाच्या किती?" आणि स्वतःच गुणाकार करत बाहेर गेला.

वर मानमंदिर. धुक्यातून आधी रंगच आला, निळा. मग त्या निळ्यात बदकांची रांग, एकामागे एक, पिवळी, चोची पुढे. केळीची झाडं, हत्ती, मगरी, सगळं चकचकीत फरशांत बसवलेलं. किल्ल्याच्या भिंतीवर बदकं लावणारा राजा मला भारी आवडतो. लढाईच्या तयारीत असलेल्या माणसाला हे सुचतं कुठून! अर्थात याच महालाच्या तळघरांत मोगलांनी तुरुंग केला. औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला, याच किल्ल्यावर कैदेत ठेवून १६६१ मध्ये मारलं. तळघरात थंडी वेगळीच आहे. दोन मिनिटांत वर आलो.

सासबहू मंदिरापाशी (१०९३, कच्छपघात राजा महिपालाचं, मूळ देव विष्णू, सासूसुनांचा संबंध नाही) ऊन पडायला लागलं, तसा खालचा गाव तुकड्यातुकड्याने वर आला. तेलीका मंदिर उंच आहे, सुमारे १०० फूट, त्याचं छत लांबट आणि दक्षिणेकडच्या देवळासारखं. पण एव्हाना भूक लागली होती, त्यामुळे त्याच्यावर अन्याय झाला. दाता बंदीछोड गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. गुरू हरगोबिंद जहांगीराच्या कैदेत इथे होते आणि सुटताना आपल्या अंगरख्याचे सोगे धरवून ५२ राजांना सोबत घेऊन गेले, अशी कथा. गरम डाळ, रोटी, आणि वर कढत चहा. थंडीत किल्ला पाहणाऱ्याला यापरतं पुण्य नाही.

२८ डिसेंबर

मुरैन्याच्या बाजूला, गाडी करून. ग्वाल्हेरपासून चाळीसेक किलोमीटर. रस्ता काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी त्याची आठवण आहे. दोन्हीकडे मोहरी फुललेली, धुक्यात पिवळं वरून ओतल्यासारखं.

मितावलीची चौसष्ट योगिनी: टेकडीवर गोल देऊळ, परिघावर ६४ कोठड्या, मधे गोल मंडप. संवत १३८० म्हणजे इ. स. १३२३ चा लेख आहे. दिल्लीचं जुनं संसद भवन यावरूनच बांधलं, असं इथला प्रत्येक माणूस सांगतो. कागद मागितला तर हसतो. गोल आहे, खांबही आहेत, म्हणायला काय जातं! योगिनी आता एकही नाही, कोठड्यांत शिवलिंगं आहेत. पढावलीचं कोरीवकाम सुरेख, पण तिथे शाळेच्या सहलींच्या बसगाड्या लागल्या होत्या आणि आम्ही जास्त थांबलो नाही.

बटेश्वर मात्र पुरे दुपारभर पाहिलं. आठव्या ते दहाव्या शतकांतली प्रतिहारांच्या काळची सुमारे दोनशे लहान देवळं. कधीतरी सगळी कोसळून दगडांचा ढिगारा झालेली. २००५ पासून पुरातत्त्व विभागाचे के. के. मुहम्मद यांनी ती एकेक दगड जुळवत उभी करायला घेतली, तीही अशा काळात की या खोऱ्यात निर्भय गुज्जर या डाकूच्या टोळीचा वावर होता आणि त्याच्याशी बोलून काम पुढे न्यावं लागलं. अजून कित्येक दगड ओळीने मांडून ठेवलेले आहेत, आपलं देऊळ सापडायची वाट बघत. मी एका देवळाच्या शिखराशी नाक लावून पाहिलं: जुना दगड लालसर, काळवंडलेला, आणि त्याच्यामधे नवा घातलेला गुळगुळीत, बिनकोरीव. ओळखू यावं म्हणूनच तसा ठेवतात. हे मला फार सभ्य वाटलं. नाहीतर आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे ऑईलपेंट.

परतताना एका शेताच्या बांधावर चहा झाला. शेतकरीबुवांनी आधी विचारलं, "मराठे हो?" दादा म्हणाला, "लष्करचे." तेवढ्याने त्यांचं समाधान झालं. इकडे लष्करचा मराठी माणूस म्हणजे एक वेगळी जात असल्यासारखं आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, ती हललीच नाही, आणि तीत आलेल्यांची आमची सातवी-आठवी पिढी.

२९ डिसेंबर

ऊन चांगलं पडलं. आज गावातच. महाडिक की गोठ, आपटे की पायगा, खासगी बाजार, पाटणकर बाजार, शिंदे की छावणी: रिक्षावाले ही नावं अस्सल बुंदेलखंडी सुरात घेतात.

जयविलास मी पूर्वी पाहिला होता, नवऱ्यासाठी गेलो. १८७४ चा महाल, मायकेल फिलोज यांनी बांधलेला. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची, आणि छत ती पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते असं सांगतात. जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी लेकीला आवडली: पाहुण्याने सुरई उचलली की गाडी आपोआप थांबते. छान आहे. पण दोरीपलीकडून बघायचं आणि पुढे सरकायचं, तेच जैसलमेर, तेच मांडू.

फूलबागेत लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी जाऊन आलो. जून १८५८ मध्ये त्या इथे पडल्या आणि गंगादासांच्या शाळेतल्या (इथे शाळा म्हणजे साधूंचा मठ) साधूंनी त्यांना अग्नी दिला. आमच्या लहानपणी घरात हा विषय निघाला की मोठी माणसं जरा खाकरत. ग्वाल्हेरचे राजे जयाजीराव शिंदे तेव्हा इंग्रजांच्या बाजूला होते आणि आमचे पूर्वज जयाजीरावांच्या पागेत, बोलणार काय? आजीला विचारलं होतं एकदा. ती म्हणाली, "पोटासाठी होते ते." आणि समाधीला हात जोडायला मात्र दर जूनमध्ये जायची.

दुपारनंतर हजीरा, तानसेनाची कबर आहे तो भाग. तानसेन समारोह उरकून गेलेला, मांडवाचे खांब अजून एका कडेला पडलेले. समारोहाची सुरुवात कशी होते हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं: सनई होते, ढोलीबुवा महाराजांची हरिकथा होते आणि मिलादही (पैगंबरांच्या स्तुतीचं पठण) होतो, त्याच आवारात. ढोलीबुवांचा मठ आमच्या लष्करातला, नाथ संप्रदायाचा. सूफी संत मोहम्मद गौस यांच्या भल्यामोठ्या मकबऱ्याशेजारी तानसेनाची कबर साधीच आहे. शेजारी चिंचेचं झाड. त्याची पानं चावली की गळा सुधारतो म्हणून गवई पाला तोडत आले. लेकीने तोडलं नाही, खाली पडलेलं एक पान तोंडात टाकलं. आंबट आहे म्हणाली.

गौस यांच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्यांसाठी चार वाजता जावं. हिवाळ्याचं ऊन तिरपं येतं आणि प्रत्येक जाळीची वेगळी नक्षी आतल्या फरशीवर उतरते. आम्ही एका जाळीपाशी बसलो. इचलकरंजीकर बाळकृष्णबुवा इकडे येऊन वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकले, आणि ग्वाल्हेर घराण्याचं हे गाणं महाराष्ट्रात गेलं. तिथे विष्णू दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवांकडे शिकले. दादाने हे सगळं सांगायला घेतलं होतं, पण नवरा भिंतीला टेकून झोपी गेला होता आणि कुणीच त्याला उठवलं नाही.

३० डिसेंबर

सकाळी गजकवाल्याकडे. विकत घ्यायला नव्हे, बघायला, आणि मग अर्थात विकत घ्यायला. गुळाचा पाक गरम असतानाच भिंतीतल्या खुंटीवर टाकून दोघे ओढत होते. ओढावं तसा त्याचा रंग तपकिरीचा सोनेरी होतो. मग भाजलेल्या तिळात टाकून चौघे भोवती बसतात आणि लाकडी मोगऱ्या चालतात, एकाआड एक, न चुकता. लेकीने मात्रा मोजल्या. कुटून कुटून पदर सुटले पाहिजेत; दाताला चिकटली ती गजक कसली! संक्रांतीला नाशकात वाटायला म्हणून दोन किलो घेतली. संक्रांतीपर्यंत टिकेल असं वाटत नाही.

मेळ्याला धावती भेट. १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी गुरांचा बाजार म्हणून सुरू केलेली ही जत्रा जानेवारीत रंगते. आत्ता निम्म्या दुकानांना पत्रे ठोकणं चाललं होतं. पाळणे उभे, फिरत नव्हते. वहिनीला लोणच्याची बरणी मिळाली, ती खूश.

घरी येऊन पुढच्या वर्षाचं बोलणं निघालं. नवऱ्याच्या डोक्यात व्हिएतनाम आहे. मी म्हटलं, जाऊ, पण एकच गाव, आणि शिट्टीवाला नको. लेकीला पवाया बघायचं आहे, तो दगड निघाला ती जागा. तिथे आता शेतं आहेत, दादा म्हणाला. "असू देत," ती म्हणाली.

कुणाला डिसेंबर-जानेवारीत जायचं असेल तर दोन गोष्टी. किल्ला सकाळी धुक्यातच चढा आणि सोबत एक टॉर्च घ्या, शून्यासाठी. आणि परतीचं तिकीट उत्तरेकडून येणाऱ्या गाडीचं काढलंत तर पुढे कुठलीही जोडगाडी धरायची ठेवू नका. आमची साडेचार तास उशिरा आली. वहिनीने दिलेले बटाट्याचे पराठे फलाटावरच संपले आणि गजकेचा पहिला डबाही तिथेच फोडावा लागला.